लोखंडाचा कण आणि कोळशाचे चिलखत

मेहकर म्हटले की बहुतेकांना बुलढाण्याचे मेहकर आठवते. परंतु मराठी कानांना ओळखीचे असे आणखी एक मेहकर कर्नाटकच्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा हा मुलूख. येथील एखाद्या ओढ्याच्या कोरड्या वाळूतून मुलाने लोहचुंबक फिरविला, तर त्याच्या टोकांना काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंड व प्राणवायू यांच्या नैसर्गिक संयुगाचे असतात. ढीगभर वाळूतून हवे तेवढेच वेचून काढण्याची ही युक्ती मोठी सोपी आहे. हीच युक्ती पाण्यातील घाण वेचण्यासाठी किंवा शरीरात औषध नेमक्या जागी रोखून धरण्यासाठी वापरता येईल काय, हा आजच्या शास्त्रज्ञांपुढील प्रश्न होय.

यासाठी लागणारे कण अतिसूक्ष्म हवेत. ते मोजावयाचे माप म्हणजे नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शुद्ध लोखंडाची चुंबकशक्ती त्याच वजनाच्या मॅग्नेटाइटच्या दुपटीहून अधिक असते. म्हणून असे कण शुद्ध लोखंडाचेच असावेत, असे कोणासही वाटेल. पण येथेच अडचण उभी राहते. एक ग्रॅम लोखंडाचा एकच घन तुकडा घेतला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे दीड चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एक ग्रॅमचे 20 नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सुमारे 38 चौरस मीटर होतो! एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर हवेतील प्राणवायू तुटून पडतो. उघड्या खिळ्याला गंजण्यास दिवस लागतात. ही भुकटी मात्र हवा लागताच पेट घेऊ शकते, आणि पेटली नाही तरी तिचे लोखंडपण झपाट्याने सरते.

उपाय एकच, कणाला अंगरखा घालणे. वरच्या पातळ थराने वस्तूचा व्यवहार कसा बदलतो, हे बिदरच्या कारागिराला सांगावयास नको. जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या बिदरी भांड्याला शेवटी जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्यासरशी मिश्रधातूचा पृष्ठभाग काळाभोर होतो आणि चांदीची नक्षी शुभ्र राहते. आतील धातू मात्र होता तसाच असतो. लोखंडाच्या कणासाठी शास्त्रज्ञांनी निवडलेला थर कार्बनचा आहे. कार्बन म्हणजे कोळशातील व पेन्सिलीच्या शिशातील मूलद्रव्य. त्याच्या थरातून चुंबकत्व निर्वेध पार जाते, प्राणवायूला मात्र वाट मिळत नाही.

हे चिलखत चढविण्याच्या रीती अनेक आहेत. एका रीतीत लोखंडाचा क्षार व साखर पाण्यात विरघळवून, बंद पोलादी भांड्यात सुमारे 180 ते 200 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. साखरेचा कोळसा होऊन तो कणांभोवती बसतो. मग हवा वगळून, नत्रवायूच्या प्रवाहात, हा माल 700 ते 900 अंशांपर्यंत तापवितात. तेव्हा कार्बन लोखंडाच्या संयुगातील प्राणवायू ओढून घेतो आणि मागे धातुरूप लोखंड उरते. जुन्या लोहाराच्या कोळशाच्या भट्टीत खनिजापासून लोखंड निघे, ते याच न्यायाने. विशेष हे की, तापलेले लोखंडच आपल्याभोवतीच्या कार्बनला शिशासारख्या एकावर एक पापुद्र्यांत रचते. दोन पापुद्र्यांतील अंतर सुमारे 0.34 नॅनोमीटर असते. दहा पापुद्र्यांचे चिलखत तीन-साडेतीन नॅनोमीटरच जाड भरते.

चिलखत अभेद्य झाले की नाही, याची परीक्षा सरळ आहे. भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी. ज्या कणाच्या अंगरख्याला भोक असेल, त्यातील लोखंड विरघळून जाते. जो पूर्ण झाकलेला, तो तसाच राहतो.

असा कण दुहेरी कामाचा ठरतो. कोळसा पाण्यातील रंग व अनेक सेंद्रिय द्रव्ये आपल्या अंगावर धरून ठेवतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण कोळशाची बारीक पूड पाण्यात टाकली, की ती परत काढणे हीच डोकेदुखी होऊन बसते. तिच्या पोटी लोखंड असेल, तर भांड्याच्या बाजूस चुंबक धरला की पूड घाणीसह एका कडेला गोळा होते. सोलापूरसारख्या कापड रंगविणाऱ्या शहरांतील सांडपाण्याच्या दृष्टीने ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रयोगशाळेतील चंबूत हे साधते. रोजच्या हजारो लिटर पाण्याला ते परवडावयाचे, तर भुकटी धुऊन पुनःपुन्हा वापरता आली पाहिजे आणि तिचे चिलखतही टिकले पाहिजे.

औषधाच्या बाबतीत अनुभव अधिक सावध करणारा आहे. लोखंड व कार्बन यांच्या कणांवर कर्करोगाचे औषध चढवून, यकृतातील गाठीपाशी ते बाहेरील चुंबकाने रोखून धरण्याचे प्रयोग रुग्णांवर झाले. हे कण नॅनोमीटरच्या नव्हे, मायक्रोमीटरच्या मापाचे, म्हणजे बरेच मोठे होते. आरंभी आशा वाटली. पण अपेक्षित यश न आल्याने ही चाचणी 2004 साली थांबविण्यात आली. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. त्वचेलगतचा कण त्याला जुमानतो, खोल अवयवातील कण वाहत्या रक्ताबरोबर निघून जातो. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत चुंबकी कणांना बदलत्या चुंबकक्षेत्राने तापवून गाठ जाळण्याच्या दिशेने संशोधन झाले आहे. तेथेही कण गाठीत पुरेसे पोचणे व मागाहून त्यांचा निचरा होणे, हे प्रश्न सुटत नाहीत.

म्हणून नव्या भुकटीची जाहिरात पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, आणि तिला हसण्याचेही नाही. पाण्यात किंवा देहात एखादी वस्तू घालणे सोपे असते; ती वेळेवर परत काढता येणे, हीच खरी कसोटी होय. वाळूतील काळे कण वेचणाऱ्या मुलाच्या हाती चुंबक असतो, आणि वेचलेले कण तो हातावर झटकून दाखवू शकतो. शास्त्रज्ञालाही लोकांपुढे तेवढेच दाखवावयाचे आहे.