मेरुरज्जूची इजा व अँटिऑक्सिडंट द्रव्ये

तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८-१८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास करविला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. औषधाची अखेरची कसोटी रुग्ण हीच, आणि मेरुरज्जूच्या इजेवर सुचविल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांनाही ती चुकलेली नाही.

आघाताने काही पेशी तत्क्षणी मरतात. मात्र बरीच हानी पुढील तासांत व दिवसांत वाढते. रक्तपुरवठा खुंटतो, मुक्त मूलके निर्माण होतात आणि पेशीपटलांतील मेदाचे ऑक्सिडीकरण साखळीसारखे पसरते. मेरुरज्जूत मेद विपुल असल्याने धोका अधिक. ही साखळी तोडण्याचे काम अँटिऑक्सिडंट करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत ‘ई’ जीवनसत्त्व व हळदीतील कर्क्युमिन यांनी हानी घटल्याचे आढळले. परंतु अनेक प्रयोगांत मात्रा इजेपूर्वीच दिलेली असते. अपघाताची पूर्वसूचना कोणास मिळते?

मिथाइलप्रेडनिसोलोनचा अनुभव बोलका आहे. मेदाचे ऑक्सिडीकरण रोखणारे हे स्टेरॉइड १९९० च्या अमेरिकी चाचणीनंतर इजेपासून आठ तासांत देण्याचा प्रघात पडला. २०१३ मध्ये तेथील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी, दुष्परिणाम लक्षात घेऊन, ते देऊ नये अशी शिफारस केली. आजमितीस या इजेवर सिद्ध ठरलेले अँटिऑक्सिडंट औषध नाही. अपघातस्थळी जखमीची मान व पाठ वाकू न देता त्यास त्वरित रुग्णालयात नेणे मात्र महत्त्वाचे आहे.