कॅरिबियनची बोट आणि आईचा पडाव

मराठी शिकवणाऱ्या माणसाने सुट्टीत फार तर नरसोबाच्या वाडीला जावे, नाहीतर साहित्य संमेलनाला. अशी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये समजूत आहे. त्यामुळे मे महिन्यात आपण आगबोटीने कॅरिबियन समुद्र पाहायला निघालो आहोत, असे मी सांगितले तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कॅरिबियन म्हणजे आपलं वेस्ट इंडीज ना? तिथं पाहण्यासारखं काय आहे?"

"सबाइना पार्क," मी म्हणालो.

खरे सांगायचे तर त्या बेटांबद्दलचे माझे ज्ञान एवढेच होते. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिकडे गेला आणि जमैकातल्या सबाइना पार्कवर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, ही कथा आमच्या घरात सत्यनारायणाच्या पोथीसारखी दरवर्षी वाचली जाई. वाचणारे अर्थातच बाबा. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर ह्यूस्टनच्या ताईने धोशा लावला, की आईला घेऊन या. तिच्या गावापासून ऐंशीएक किलोमीटरवर गॅल्व्हस्टन हे बंदर आहे. तिथून सात रात्रींच्या सफरीवर मोठमोठ्या बोटी सुटतात. आमची बोट जमैकातले फालमथ, मग ग्रँड केमन आणि शेवटी मेक्सिकोचे कोझुमेल बेट अशी तीन बंदरे घेणार होती. "तू पुस्तकं वाचणारा माणूस, तूच सगळं ठरव," असे म्हणून ताईने ते काम माझ्या गळ्यात घातले. मी एक दोनशे पानी वही आणली.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. मास्तरांना सुट्ट्या दोन. दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दिवाळीत भाडे जरा स्वस्त दिसले म्हणून मी हरखलो. पण तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. म्हणून काही त्या दिवसांत बोटी बंद नसतात. वादळ आले तर कप्तान वाट बदलतो, बंदर गाळतो, आणि आपण पाहायला निघालो एक बेट तर पोचतो भलत्याच बेटावर. मी हे सारे आईला समजावून सांगू लागलो. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेच बरा. आमच्या बोटीसुद्धा पावसाळ्यात बंदच असायच्या. नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात कोण जातं?"

आमची आई देवगडची. तिचे वडील मुंबईत नोकरीला, त्यामुळे तिचे बालपण मुंबई-कोकण बोटीच्या खेपांत गेले. पुढे एस.टी. वाढली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि त्या जुन्या बोटी तर त्याआधीच इतिहासजमा झाल्या होत्या. ही गोष्ट मला ठाऊक होती. पण आईची बोट आणि माझी बोट यांचा काही संबंध असेल, असे माझ्या डोक्यात आले नाही. एम.ए. झालेल्या माणसाचे असे होते कधीकधी!

दुसरा प्रश्न खोलीचा. आगबोटीवरच्या खोल्या साधारण चार जातींच्या. आतली खोली, म्हणजे चार भिंती आणि दिवा मालवला की अमावास्या. हिचे भाडे सर्वांत कमी. दुसरी खिडकीची; पण ती खिडकी उघडत नाही. तिसरी सज्जाची, जिला स्वतःचा चिमुकला सज्जा असतो. चौथी संस्थानिकांची, तिच्या वाटेला आम्ही गेलो नाही. शिवाय 'खोलीचा नंबर आम्ही ठरवू' अशा अटीवर थोडी स्वस्तही खोली मिळते. तरुण जोडप्याने ती खुशाल घ्यावी. म्हाताऱ्या माणसासाठी घेऊ नये. मग ती चिमण्या रंगमंचाच्या डोक्यावर निघाली तर रात्री बारापर्यंत ढोल ऐकावे लागतात.

माझे मत, सर्वांनी आतल्या खोल्या घ्याव्यात. खोलीत झोपण्यापलीकडे करायचे काय? वाचलेल्या पैशांत बेटे पाहावीत. ताईचे मत, आईला सज्जा हवाच, आणि तोही अगदी वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला. म्हणजे समुद्र कसा झकास दिसेल! आठवडाभर ह्यूस्टन आणि पुणे यांच्यात यावरून फोनयुद्ध चालले. शेवटी आईने एकच प्रश्न विचारला.

"बोटीच्या मध्यावर आहे का रे जागा? आम्ही बोटीत चढलो की धावत जाऊन मध्यावर वळकटी टाकायचो. टोकाला बसणाऱ्यांचं पोट राहत नसे."

मी वही उघडून पाहिले. आईचे शास्त्र बिनचूक होते. बोट लाटांवर पुढे-मागे डोलते ती मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखी. टोके वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. तसेच जितके उंच जावे तितका झोका मोठा. तेव्हा ज्याला बोट लागते त्याने मध्याची आणि खालच्या मजल्याची खोली घ्यावी. मी त्यात दोन गोष्टींची भर घातली. बोटीचा नकाशा पाहून, जिच्या वर आणि खालीही खोल्याच आहेत अशी खोली निवडावी. डोक्यावर पोहण्याचा तलाव असला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. आणि लिफ्ट जवळ असावी, पण अगदी दारासमोर नसावी. आई आणि आमची तेरा वर्षांची कन्या यांना अशी सज्जाची खोली घेतली. आम्ही उभयता समोरच्या आतल्या खोलीत. सौ.ने सात रात्री त्या अमावास्येबद्दल चकार शब्द काढला नाही, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो.

आता तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न, बंदरावर उतरून काय पाहायचे हा. बोट सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत बेट 'उरकायचे' असते. बोटीच्या कंपनीमार्फत सहल घेतली तर पैसे जास्त पडतात. पण परतायला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात आणि रस्त्यात गाडी अडली, तर धक्क्यावर उभे राहून बोटीची पाठ पाहावी लागते. शिवाय ही बोट अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतते, म्हणून तिथला अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा, आणि उतरताना कोणती कागदपत्रे जवळ ठेवायची हे आधीच विचारून घ्यावे.

सबाइना पार्कचा मोह इथेच आडवा आला. फालमथ जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर, सबाइना पार्क किंग्स्टनला, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर. मधे डोंगर. जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. तीन वेळा हिशेब करून मी वहीतली ती ओळ खोडली. फार जिवावर आले. बाबांसाठी म्हणून जे एक ठिकाण मनात धरले होते, तेच गळाले.

आणि मग केमन. ग्रँड केमनला मोठ्या बोटींसाठी धक्काच नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून जॉर्ज टाउनच्या किनाऱ्यावर नेतात. या होड्यांना टेंडर म्हणतात. मोठा धक्का बांधावा की नाही, यावर तिथल्या लोकांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये मतदान केले आणि 'नको' म्हणून सांगितले. समुद्र हलत असला तर बोटीतून होडीत पाय टाकणे नाजूक काम. ज्याला नीट चालता येत नाही त्याला कर्मचारी अडवूही शकतात. आईचे वय पंचाहत्तर, उजवा गुडघा दुखरा. मी वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहिले, 'आई – बोटीवर विश्रांती'. आणि आईने विचारले तेव्हा सांगितले, "त्या दिवशीची तिकिटं संपली गं."

मी तिच्याशी खोटे बोललो. तिच्या भल्यासाठी. आपण सगळेच म्हाताऱ्या माणसांशी खोटे बोलतो ते त्यांच्या भल्यासाठीच, नाही का?

बोट निघाली. पहिले दोन दिवस नुसते पाणी. आई सज्जात बसून राही, आणि मला वाटे, हिला एवढेच पुरे आहे.

फालमथला ताई आणि भाऊजी डन्स रिव्हरच्या धबधब्यावर गेले. तिथे लोक हातात हात गुंफून पाण्यातून खडक चढतात. गुडघेदुखीवाल्याने तिकडे फिरकू नये. आम्ही गावाजवळच्या मार्था ब्रे नदीवर गेलो. बांबूच्या लांब तराफ्यावर दोघांनी बसायचे आणि नावाडी बांबूने रेटत संथ पाण्यातून नेतो. आजी आणि नात पुढच्या तराफ्यावर, आम्ही मागच्या. परतताना कन्येला मी सांगितले, की हे फालमथ साखरेचे आणि गुलामांच्या व्यापाराचे बंदर होते. पुढे गुलामगिरी संपल्यावर मळ्यांत राबायला आपल्या देशातून करारावर माणसे आणली. त्यांची पहिली बोट 'ब्लंडेल हंटर' १० मे १८४५ रोजी याच जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला लागली.

"त्यांच्या खोल्या कुठल्या मजल्यावर असायच्या?" कन्येने विचारले.

आठ दिवस घरात खोल्यांचीच चर्चा ऐकलेले पोर ते. मला उत्तर देता येईना. आई म्हणाली, "त्यांना कोण विचारतंय, बाळ, कुठली खोली हवी म्हणून!"

दुसऱ्या दिवशी केमन. सकाळी ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली, की ज्यांना किनाऱ्यावर जायचे आहे त्यांनी टेंडरसाठी नंबर घ्यावेत. नंबर फुकट असतात. कन्या नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन आली आणि निरागसपणे म्हणाली, "आजीचाही आणलाय!"

आईने माझ्याकडे पाहिले. "तिकिटं संपली होती ना रे?"

मी काहीच बोललो नाही.

"माझे गुडघे म्हातारे झालेत," ती शांतपणे म्हणाली, "कान नाही झालेले. नको न्यायचं असलं तर नको म्हण. संपली म्हणू नकोस."

वर्गात शंभर मुलांसमोर मी इतका कधी ओशाळलो नव्हतो. मी तिला होडीचे सारे सांगितले. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, बघू तर दे."

आम्ही खालच्या दाराशी आलो. होडी लाटेबरोबर वर येत होती, खाली जात होती. दोन्ही बाजूंना दोन तरुण खलाशी हात पुढे करून उभे. आईने ते दृश्य पाहिले मात्र, तिच्या तोंडून एकदम माहेरची भाषा बाहेर पडली.

"अरे, ह्यो तर आमचो पडाव!"

देवगडच्या समुद्रातही बोट आत उभी राही आणि पडाव माणसे उतरवायला येत. आईने खलाशांचे हात धरले, पण पाय टाकला नाही. एक लाट जाऊ दिली. दुसरी आली, होडी वर चढून क्षणभर थबकली, आणि आई पाटावरून उठावे इतक्या सहज पलीकडे गेली. तिच्या मागून मी. मला लाटेची गणिते कुठली! होडी खाली जात असताना मी पाय टाकला आणि भाऊजींच्या मांडीवर जाऊन बसलो.

"वर आली की टाकायचा पाय," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचंही हेच झालं होतं."

"बाबांचं?"

"लग्नानंतर पहिल्यांदा देवगडला नेलं तेव्हा. पुण्याचा माणूस, रात्रभर बोट लागलेली. सकाळी पडावात उतरायला धजेनात. मग मीच आधी उतरले आणि हात दिला. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

पन्नास वर्षे तिने ते कुणाला सांगितले नव्हते. क्रिकेटची पोथी ऐकवणाऱ्या बाबांची ही एक ओवी मला केमनच्या निळ्या पाण्यात, त्या डुलत्या होडीत ऐकायला मिळाली. सबाइना पार्कला गेलो असतो तरी ती मिळाली नसती.

कोझुमेलला मी वहीत तुलुमचे अवशेष लिहून ठेवले होते. समुद्रकाठच्या कड्यावरचे ते मायांचे नगर सुंदरच. पण ते बेटावर नाही. आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचे, तिथून तासभर गाडी, आणि तसेच परत. या वेळी मी वही आईपुढे ठेवली. बेटावरच सान हेर्वासियो नावाचे जुने मायास्थान आहे. तिथे इश्चेल देवीच्या दर्शनाला बायका समुद्र ओलांडून होड्यांतून येत, असे वाचून दाखवले. "मग देवी जवळ असताना लांब कशाला जायचं?" आई म्हणाली. टॅक्सी करून गेलो. पडक्या दगडी चौथऱ्यांमधून ती हळूहळू, थांबत थांबत चालली. रात्री गुडघा चांगलाच सुजला. सज्जात बसून मी मलम चोळले आणि तिने ते चोळू दिले. दुखते आहे का, असे विचारले तर "हो, दुखतंय" म्हणाली. तीही खोटे बोलली नाही.

परत आल्यावर भूगोलाच्या प्राध्यापकांनी विचारले, "आम्हालाही जायचंय हो, वडिलांना घेऊन. कुठली खोली घेऊ? कुठली सहल घेऊ?" मी त्यांना मध्याची खोली सांगितली, मे महिना सांगितला, प्रत्येक बंदरावर एकच गोष्ट पाहा म्हणून सांगितले. आणि वही देताना म्हणालो, "वडिलांच्या नावापुढे काही लिहिण्याआधी एकदा त्यांनाच विचारा."

वहीतले केमनचे पान मात्र मी फाडून ठेवून घेतले आहे. त्यावर 'विश्रांती' हा शब्द खोडून आईने स्वतःच्या अक्षरात 'पडाव' असे लिहिले आहे. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आहे. ती आमच्या पुढच्या सहलीची आहे: 'मे महिना. देवगड. एस.टी.ने चालेल.'