फियॉर्डमधला एक दिवस



जून महिन्यात दिग्रसला साडेसातपर्यंत अंधार पडतो. त्याच दिवशी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर रात्री बारालाही ऊन असते. आपण सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, तर ती बेटे ७९ अंशांच्या आसपास! उन्हाळ्यात पृथ्वीचे उत्तर टोक सूर्याकडे झुकलेले असते, म्हणून तिथे सूर्य मावळतच नाही. चला, आज तिथल्या काँग्सफियॉर्डमध्ये जहाजातून फेरी मारू.

फियॉर्ड म्हणजे काय?
कोकणातली खाडी आठवा. नदीच्या दरीत समुद्राचे पाणी शिरले की खाडी होते. फियॉर्डची दरी मात्र हिमनदीने कोरलेली असते. नदी तळ कापत जाते, म्हणून तिची दरी 'व्ही' आकाराची. हिमनदी तळ आणि दोन्ही बाजू खरवडते, म्हणून तिची दरी 'यू' आकाराची, खोल आणि उभ्या कड्यांची. त्यामुळे मोठी जहाजेही पार आत जातात.

समोर काय दिसते?
फियॉर्डच्या टोकाशी हिमनद्यांच्या भिंती उभ्या असतात. बर्फ निळसर दिसतो, कारण वजनाने दाबून त्यातली हवा निघून जाते आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषतो. मधूनच गडगडाट होतो आणि बर्फाचा कडा समुद्रात कोसळतो. त्याने मोठ्या लाटा उठतात, म्हणून जहाज लांबच थांबते.

वाटेत ब्लॉमस्ट्रांडहाल्वोया लागते. नावातल्या 'हाल्वोया'चा अर्थ द्वीपकल्प. पण आज ते चहूबाजूंनी पाण्यात आहे! पूर्वी हिमनदीने ते जमिनीला जोडलेले होते. हिमनदी मागे हटली आणि १९९० च्या दशकात ते बेट असल्याचे उघड झाले. नाव तेच राहिले, नकाशा बदलला.

आपली 'हिमाद्री'
याच फियॉर्डच्या काठी न्यू-ऑलेसुंड गावात भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ मध्ये भारताने फियॉर्डच्या पाण्यात, १९२ मीटर खोलीच्या जागी, 'इंडार्क' ही यंत्रणा बसवली. पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांची नोंद ती ठेवते. गावात नाजूक उपकरणे असल्याने पाहुण्यांनाही वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते.

घरी करून बघा
दोन सारखे पेले घ्या. एकात पाणी आणि बर्फाचे खडे टाका. दुसऱ्यात नुसते पाणी घेऊन त्यावर चहाची गाळणी ठेवा, गाळणीत बर्फ ठेवा. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आपल्या उन्हात बर्फ वितळायला वेळ लागणार नाही! पहिल्या पेल्यात पातळी जवळजवळ तेवढीच राहील, दुसऱ्यात वाढेल.

गाळणीतला बर्फ म्हणजे जमिनीवरची हिमनदी. ती वितळली की समुद्र वाढतो. मग सांगा, मुंबई-कोकणच्या किनाऱ्याची काळजी फियॉर्डपर्यंत का पोहोचते? उत्तर वहीत लिहा.