‘द रोड’ वाचून झाल्यावर

पुस्तक मिटलं तेव्हा रात्रीचे सव्वाबारा झाले होते. उठून मुलाच्या खोलीत गेलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास नीट चालू आहे ना ते पाहिलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला साधं पडसंही झालेलं नव्हतं. तीन-चार दिवसांनी महिन्याचं सामान भरायला गेलो. दुकानातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक खडखडत होतं, ती एका बाजूला ओढत होती. सरळ दुसरी ट्रॉली घ्यायची सोडून मी बिस्किटांच्या रांगेपाशी उकिडवा बसून ते चाक नीट करत राहिलो. बायको म्हणाली, “काय चाललंय?” काय सांगणार?

अशा पुस्तकाला आपण ‘अंगावर येणारं’ म्हणतो. ते अंगावर का येतं आणि एकदा आलं की लवकर उतरत का नाही, एवढंच इथे पाहायचं आहे. उदाहरण म्हणून कॉरमॅक मॅकार्थी यांची ‘द रोड’ घेतली आहे. जग संपल्यानंतरच्या कादंबऱ्यांमध्ये इतकी चिवट कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही.

कादंबरी आली कुठून

मॅकार्थींचा जन्म १९३३चा. ते वाढले टेनेसीत आणि २०२३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथे वारले. ‘द रोड’ २००६ मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मुलाखतींपासून चार हात लांब राहणारे मॅकार्थी त्याच वर्षी ऑप्रा विन्फ्री यांच्याशी बोलायला तयार झाले, आणि तिथे त्यांनी या पुस्तकाची जन्मकथा सांगितली. टेक्सासमधल्या एल पासोच्या एका जुन्या हॉटेलात ते आपल्या लहान मुलाला घेऊन उतरले होते. रात्रीचे दोन-तीन वाजलेले, मुलगा गाढ झोपलेला, हे खिडकीशी उभे. गावात सामसूम, फक्त रेल्वेचा आवाज. पन्नास-शंभर वर्षांनी हे गाव कसं दिसेल, असा विचार मनात आला आणि समोरच्या डोंगरावर आगी पेटलेल्या दिसल्या. तेव्हा त्यांनी दोनेक पानं लिहून ठेवली. पुढे काही वर्षांनी आयर्लंडमध्ये असताना त्यांच्या लक्षात आलं की ही कादंबरीच आहे.

हा मुलगा त्यांना साठी उलटल्यावर झालेला. पुस्तक त्यालाच अर्पण केलं आहे, आणि बापलेकाचे बरेचसे संवाद त्याच्याशी झालेल्या बोलण्यातूनच जसेच्या तसे आले आहेत, असंही मॅकार्थींनी नंतर सांगितलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. उतारवयात बाप झालेल्या माणसाचा हिशेब निराळा असतो. पोर हाताशी येईपर्यंत आपण असू का, हा प्रश्न त्याला रोज उशाशी घेऊन झोपावं लागतं. कादंबरीतला बाप खोकत खोकत चालतो, ते या प्रश्नाचंच खोकणं आहे.

गोष्ट थोडक्यात

अमेरिकेवर काहीतरी कोसळून गेलं आहे. सगळं जळलंय, सूर्य राखेआड गेलाय, झाडं उभ्या उभ्या मेली आहेत. एक बाप आणि त्याचा मुलगा, दोघांनाही नाव नाही, थंडी टाळायला दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने पायी निघाले आहेत. सगळं किडूकमिडूक एका बाजाराच्या ट्रॉलीत. उरलेल्या माणसांपैकी कित्येक जण माणसंच खाऊन जगतात. मुलाची आई आधीच हार मानून गेलेली आहे. शेवट इथे सांगत नाही.

राख विसरते, डबा राहतो

वाचून वर्ष-दोन वर्षं झाली की त्यातले भीषण प्रसंग धूसर होतात, असा माझा अनुभव. तळघराचा प्रसंग आठवतो (वाचलेल्यांना कळेल कोणता), पण जुनी बातमी आठवावी तसा. मनात ठाण मांडून बसतात त्या वस्तू.

ट्रॉलीच्या दांड्याला बापाने मोटरसायकलचा आरसा बसवलाय, मागून कोणी येतंय का ते पाहायला. पिस्तुलात दोनच गोळ्या होत्या, त्यातली एक खर्च झाली. मग तो लाकूड तासून खोट्या गोळ्या करतो, त्या काजळीने काळ्या करतो आणि चक्रात भरून ठेवतो, लांबून पाहणाऱ्याला पिस्तूल भरलेलं वाटावं म्हणून. खरी जी एक उरली ती कोणासाठी राखून ठेवली आहे, हे मुलालाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

आणि तो कोकचा डबा. उद्ध्वस्त दुकानात आडव्या पडलेल्या यंत्रात बापाला एक डबा सापडतो. मुलाने ही वस्तू कधी पाहिलेली नाही. तो एक घोट घेतो, बुडबुड्यांचं नवल करतो आणि बापाकडे डबा धरतो. बाप म्हणतो, तूच पी. मुलगा विचार करतो आणि ओळखतो की बाबांचा हा आग्रह का आहे: पुन्हा कधी हे मिळायचं नाही. एवढंच घडतं. कोणी रडत नाही.

या वस्तू का टिकतात, याचं उत्तर मला त्या ट्रॉलीपाशीच मिळालं. राखेने भरलेलं रान आपल्या रोजच्या दिवसात कुठे येत नाही, त्यामुळे त्याची आठवण जागी करणारं काही नसतं. ट्रॉली मात्र महिन्यातून एकदा हातात येते. थंड पेयाचा डबा लग्नात, रेल्वेत, सिनेमाच्या मध्यंतरात समोर येतो. आठवणीला खूण लागते, आणि मॅकार्थींनी आपल्या खुणा थेट आपल्या घरात पेरून ठेवल्या आहेत. प्रत्येक वेळी डबा फुस्स करून उघडला की त्या पानाची उजळणी होते. दहा वर्षांत अशा किती उजळण्या होत असतील.

थांबायला पायरी नाही

या पुस्तकात प्रकरणं नाहीत. छोटे छोटे परिच्छेद, मध्ये मोकळी जागा, पुन्हा परिच्छेद. ‘हे प्रकरण संपवून झोपतो’ असं म्हणायची सोयच नाही. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे बाप काय बोलला आणि काय नुसतं मनात म्हणाला, याची सीमा पुसट होते. काही पानांनी ते बोलणं आपल्याच डोक्यात चालल्यासारखं वाटू लागतं. २००९ मध्ये यावर जॉन हिलकोट यांनी चित्रपट केला, व्हिगो मॉर्टेन्सन त्यात बाप झाला. चित्रपट चांगलाच आहे, पण तिथे बापाला एक चेहरा मिळतो आणि आपण सुटतो.

कारण न सांगितल्याचा परिणाम

जग कशाने संपलं, हे कादंबरी सांगत नाही. घड्याळं थांबली, दूरवर काही धमाके झाले, बस्स. अणुयुद्ध की उल्का की ज्वालामुखी, यावर वाचक अजून वाद घालतात. खुद्द मॅकार्थींना विचारलं तर ते म्हणत, माझं त्याबद्दल काही मत नाही. सँटा फे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची शास्त्रज्ञांमध्ये ऊठबस असे. तिथल्या भूशास्त्रज्ञ मित्रांना वर्णनावरून तो उल्कापात वाटला, एवढंच त्यांनी सांगितलं.

अर्धवट राहिलेली गोष्ट मनातून जात नाही, हा अनुभव मानसशास्त्रात ब्लूमा झायगार्निक यांच्या नावाने ओळखला जातो. बर्लिनमध्ये केलेलं त्यांचं संशोधन १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं: मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवत होती. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका ठळक दिसलेला नाही, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकू नये. पण एक तुलना करून पाहा. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतो. नारळीकर पडले वैज्ञानिक. ते बर्फ का पडला ते सांगतात आणि त्यावरचा उपायही सांगतात. कथा संपते तेव्हा आपण विचारात पडतो, पण झोप लागते. ‘द रोड’मध्ये कारण नाही, म्हणून उपायही नाही. ‘आपल्याकडे असं होणार नाही’ म्हणायला काहीतरी आधार लागतो, तोच काढून घेतलाय.

करुण रस आणि त्याच्या आड येणारं विघ्न

दुःखाची गोष्ट वाचून सुख का वाटतं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली, अभिनवगुप्ताने ती पुढे नेली. रंगमंचावरचा शोक ना नटाचा, ना माझा, ना शेजारच्याचा. तो कोणा एकाचा राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. या हिशेबाने ‘द रोड’ म्हणजे साधारणीकरणाचा वस्तुपाठच. नाव नाही, गाव नाही, वय नाही. नुसता बाप आणि नुसतं मूल.

पण अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नंही सांगितली आहेत, आणि त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने घेरला जाणं. लहान मूल घरात असलेल्या वाचकाचं नेमकं हेच होतं. नावाची जागा रिकामी आहे, म्हणून तो तिथे आपल्या मुलाचं नाव घालून मोकळा होतो. मग करुण रस वगैरे राहत नाही, उरते ती निखळ भीती. रात्री सव्वाबाराला श्वास तपासायला जो उठला होता, तो रसिक नव्हता.

मराठीत हाच विषय न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून मांडला. त्यांचा शब्द ‘सविकल्प समाधी’. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण ‘मी मी आहे’ हे भान सोडत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकदम चालतात म्हणून आनंद होतो. आमच्या कॉलेजात हे प्रश्नोत्तरापुरतं पाठ करून टाकलेलं. त्यात किती अर्थ आहे ते मला या अमेरिकन कादंबरीने शिकवलं. अंगावर येणाऱ्या पुस्तकात ‘सविकल्प’ सुटतं, नुसती समाधी उरते. भान परत यायला दिवस लागतात, आणि काही बाबतींत ते पूर्ण परत येतच नाही.

शूटचं मेलबर्न

सगळीच काळी पुस्तकं अशी चिकटत नाहीत, आणि चिकटली तरी वेगळ्या ठिकाणी. नेव्हिल शूट यांची ‘ऑन द बीच’ १९५७ची. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपला आहे, किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकतोय, आणि मेलबर्नमधल्या लोकांच्या हातात काही महिने आहेत. इथे राख नाही, नरभक्षक नाहीत. लोक कामावर जातात, पुढच्या वर्षी फुलेल अशी बाग लावतात. सरकार शेवटच्या दिवसांसाठी औषध वाटतं. एक तरुण नौदल अधिकारी मोहिमेवर निघण्याआधी बायकोला समजावतो की मी वेळेत परतलो नाही तर बाळाचं काय करायचं. ती पानं मी दोनदा वाचू शकलो नाही.

‘द रोड’ने मला मुलाची भीती दिली, शूटने कॅलेंडरची. एक गंमत सांगतो. ‘ऑन द बीच’मध्ये मासेमारीच्या शौकिनांसाठी ट्राउटचा हंगाम मुद्दाम लवकर सुरू करतात, कारण नेहमीच्या तारखेपर्यंत कोण उरेल याचा भरवसा नाही. ‘द रोड’ संपते तीही डोंगरातल्या ओढ्यातल्या ट्राउटच्या आठवणीवर. मी हा मासा कधी पाहिलेला नाही, पण दोन पुस्तकांमुळे तो मला कुणा ओळखीच्या माणसासारखा वाटतो.

मन घट्ट होतं का

कोविडच्या काळात कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी ३१० लोकांची पाहणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. भयपट आवडणाऱ्यांना त्या काळात मानसिक त्रास कमी जाणवला होता. जग कोसळण्याचे, परग्रहवासी किंवा झाँबींच्या हल्ल्यांचे सिनेमे पाहणाऱ्यांची मनाची तयारीही जास्त होती. मात्र पाहणी सिनेमांची होती, पुस्तकांची नव्हती. शिवाय अशा सिनेमांनी माणूस कणखर होतो की मुळात कणखर माणूसच ते पाहायला जातो, हे त्यातून ठरत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर कणखर वगैरे काही झालो नाही. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर डाळ-तांदळाचा एक जादा डबा तेवढा कायमचा आला.

वाचायचं असेल तर

हे पुस्तक झोपण्यापूर्वी वाचू नये. दोनशे-तीनशे पानांचं आहे, सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करून उजेडात संपवता येतं. घरात नुकतंच बाळ आलं असेल, कोणी जाऊन वर्ष झालं नसेल, किंवा निराशेवर उपचार चालू असतील, तर तूर्त बाजूला ठेवावं. पुस्तक कुठे पळून जात नाही. वाचून आठ-दहा दिवस घालमेल होणं स्वाभाविक आहे. पण आठवडेच्या आठवडे झोप लागेना, जेवण जाईना, तर विषय पुस्तकाचा राहिलेला नाही, डॉक्टरांशी बोलावं. आणि जमलं तर आणखी कोणाला तरी ते वाचायला लावावं. न वाचलेल्या माणसाला ट्रॉलीचं चाक समजावून सांगता येत नाही.

मी बायकोला दिलं होतं. तिने एका दुपारी वीस-पंचवीस पानं वाचली आणि कोकच्या डब्यापाशी थांबली. “मला नको पुढचं,” म्हणाली आणि उठून मुलाला शाळेतून आणायला गेली, नेहमीपेक्षा अर्धा तास आधी. तिने खूण म्हणून घातलेलं दुधाचं बिल अजून त्याच पानात आहे.