मावळातील प्रकाशाचे पाठ

रविवारी पहाटेच्या लोकलमधून मळवलीच्या किंवा कामशेतच्या स्थानकावर उतरणाऱ्यांत गिर्यारोहकांबरोबर आणखी एक वर्ग हमखास दिसतो. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, हातात छत्री आणि नजर सतत आकाशाकडे. ही छायाचित्रण मंडळांतील हौशी मंडळी होत. त्यांत निवृत्त अधिकारी असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, मुले मार्गी लागल्यावर जुना छंद नव्याने हाती घेतलेल्या गृहिणीही असतात. बहुतेक मंडळांची रीत साधी असते. महिन्याला एक विषय द्यायचा, एक सहल काढायची आणि महिनाअखेरीस एकत्र बसून एकमेकांच्या चित्रांची परखड चर्चा करायची. सभासदाला खरे शिक्षण मिळते ते या चर्चेत, कारण घरच्यांनी वाखाणलेले चित्र तेथे अनेकदा टिकत नाही.

परंपरा जुनी आहे

अशी मंडळे ही आजच्या मोबाइल युगाची देणगी नव्हे. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था निघाली १८५३ मध्ये, आणि अवघ्या एका वर्षात, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली.

या इतिहासात जैन समाजाला अभिमान वाटावा असे एक नाव आहे, ते राजा दीनदयाळ यांचे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ मध्ये एका जैन जवाहिरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. कॅमेरा हाती आला तो छंद म्हणून. त्याच छंदाने त्यांना निजामाच्या दरबारी नेले आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. नोकरी सांभाळून जोपासलेला छंद कोठवर नेऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मावळाचाही या इतिहासाशी संबंध आहे. पंधरा मैलांहून अधिक लांबीची आणि पंचवीस बोगद्यांची भोर घाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. त्या बांधकामाची छायाचित्रे आजही जतन केलेली आहेत. ती नसती, तर कड्यांवर चाललेल्या त्या अवघड कामाचे रूप आज केवळ अहवालांतील आकड्यांवरून कल्पावे लागले असते.

तीन लेणी, तीन प्रश्न

सभासदांची कसोटी पाहण्यासाठी मावळाइतके योग्य क्षेत्र शोधून सापडणार नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे. ते पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी आत काळोख दाटलेला असतो आणि दुपार कलू लागली की मोठ्या कमानदार गवाक्षातून उजेड आत शिरतो. बेडसे पूर्वाभिमुख आहे, तेथे सकाळीच पोहोचावे लागते. भाजे पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून. एका दिवसात तिन्ही लेणी ‘उरकणाऱ्या’ सभासदाच्या पदरी म्हणूनच निदान एका ठिकाणी तरी निराशा येते. सूर्याचे वेळापत्रक आपल्या सोयीने बदलत नाही, हा येथला पहिला धडा.

दुसरा धडा संयमाचा. संरक्षित लेण्यांत तिपाई वापरायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मंद उजेडात कॅमेरा हातात धरून स्थिर चित्र घ्यायचे म्हणजे श्वास रोखणे, खांबाजवळ उभे राहून कोपर अंगाशी घट्ट धरणे, हे सारे आले. त्यातच काही मंडळे आणखी एक अट घालतात : दिवसभरात फक्त छत्तीस चित्रे घ्यायची, जुन्या फिल्मच्या एका रिळात बसत तेवढीच. शेकडो चित्रे सहज टिपणाऱ्या हाताला ही अट सुरुवातीला जाचते. पण मोजून खर्च करायचा म्हटला की माणूस प्रत्येक खर्चाआधी विचार करतो. संसारात जे खरे, ते येथेही खरे ठरते.

जे चित्र घेऊ नये

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धबधबे, ढगांत बुडालेला लोहगड, पवनेचे भरलेले पात्र यांचा मोह कोणाला होणार नाही? परंतु ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांना प्राणास मुकावे लागले. वर डोंगरात कोसळलेल्या सरीचे पाणी खाली किती वेगाने येते, हे कॅमेऱ्याच्या चौकटीतून दिसत नाही, कारण चौकटीत डोळा अडकलेला माणूस आजूबाजूचे पाहणेच विसरतो. म्हणून पावसाळी सहलीत एका सभासदाने कॅमेरा न घेता केवळ पाण्यावर आणि सोबत्यांवर लक्ष ठेवावे, ही प्रथा प्रत्येक मंडळाने पाळण्याजोगी आहे. ती पाळी आपल्यावर आली म्हणजे दिवस फुकट गेला, असे कोणी मानू नये.

हाच विवेक मुक्या जिवांच्या बाबतीतही हवा. पिल्ले असलेल्या घरट्याजवळ माणूस रेंगाळला, की पक्षी बिथरतात आणि प्रसंगी घरटे सोडून देतात. अनेक स्पर्धांत घरट्यातील पिल्लांची छायाचित्रे आता स्वीकारलीच जात नाहीत. पानाआडचे घरटे नीट दिसावे म्हणून फांदी वाकवणारा हात किती लहानशा हिंसेला कारण होतो, हे अहिंसेचा संस्कार लाभलेल्या घरांत वेगळे सांगावयास नको.

तिरपा उजेड

या साऱ्या खटाटोपाचे फलित काय? त्याचे उत्तर मावळातील दगडांवरच कोरलेले आहे. पाले गावाजवळील लेण्यातील ब्राह्मी शिलालेख १९६९ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणला. त्याचा आरंभ अरहंतांच्या वंदनाने होतो. महाराष्ट्रातील प्राचीनतम जैन लेखांत त्याची गणना होते. पुढे २०१९ मध्ये लोहगडाच्या परिसरात तशाच आरंभाचा आणखी एक प्राकृत लेख काही अभ्यासू भटक्यांना आढळला. पाण्याचे टाके आणि बसण्याची आसने दान देणाऱ्या ‘इदरखित’ नावाच्या व्यक्तीचा त्यात उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तहानलेल्या वाटसरूची चिंता वाहणाऱ्या दात्याचे नाव त्या कातळाने आजवर सांभाळले.

मात्र वारा, पाऊस आणि माणसांचा वावर यांनी अशी अक्षरे वर्षागणिक झिजत असतात. अशा लेखावर समोरून झगझगीत प्रकाश टाकला, तर काहीच दिसत नाही. बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाणारा तिरपा उजेड पाडला, की खोलगट रेषांत सावली भरते आणि अक्षरे डोळ्यांपुढे उभी राहतात. अक्षरांत खडू किंवा पीठ भरणे, तेल चोळणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत, त्यांनी दगडाची हानी होते. चित्रात मोजपट्टी ठेवावी. तारीख, वेळ आणि दिशा यांची नोंद करावी. असे काटेकोरपणे घेतलेले चित्र स्पर्धेत कदाचित पारितोषिक मिळवणार नाही, पण उद्याच्या अभ्यासकाला ते मूळ दस्तऐवजासारखे उपयोगी पडेल.

लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला आहे. पर्यटकांची गर्दी आता वाढतच जाईल आणि छायाचित्रांना तोटा राहणार नाही. प्रश्न आहे तो त्यांतील किती चित्रे पुढच्या पिढीच्या कामी येतील हा. ज्या वाचकांच्या घरी कपाटात कॅमेरा पडून आहे, त्यांनी या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन एकदा मावळात जावे. छत्तीसच चित्रे घ्यावीत, प्रत्येकाची नोंद ठेवावी आणि लेण्यातून बाहेर पडताना आपल्या मागे पावलांखेरीज काहीही उरणार नाही, याची काळजी घ्यावी.