सिलिकॉन, जड धातू आणि औषधी भूमीची परीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३६ वा अध्याय औषधी भूमीच्या परीक्षेचा आहे. वारुळाची, स्मशानाची, खाचखळग्यांची भूमी औषधिसंग्रहास वर्ज्य मानलेली आहे. आज या यादीत जड धातूंनी दूषित भूमीची भर घालणे प्राप्त आहे. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम, तर सांडपाणी, शहरी कचऱ्याचे खत व कारखान्यांचे पाणी यांतून शिसे आदी धातू शेतात येऊ शकतात. वनस्पती त्यांचा प्रतिकार कसा करते व त्यात सिलिकॉनचे कार्य काय, याचा येथे संक्षेपाने विचार करू.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे. वनस्पती ते विद्राव्य सिलिसिक आम्लाच्या रूपात शोषतात. तृणकुल यात अग्रेसर आहे. तृणपंचमुळातील कुश, काश, शर, दर्भ व इक्षु ही पाचही द्रव्ये याच कुलातील. दर्भाची धार पात्यात साठलेल्या सिलिकाची असते. सितोपलादि चूर्णातील वंशलोचन हेही मुख्यत्वे वेळूच्या पेरांत साचलेले सिलिकाच होय.

कार्य कसे घडते?

पहिले कार्य भूमीतच घडते. सिलिकेटयुक्त द्रव्यांनी आम्लधर्मी जमिनीची आम्लता घटते आणि कॅडमियमसारखे धातू मुळांना कमी उपलब्ध होतात. दुसरे कार्य मुळात घडते. अंतस्त्वचेत व पेशीभित्तींत सिलिका साचून धातूंचा वर जाण्याचा मार्ग अरुंद होतो. काही धातू तेथेच बांधले जातात. तिसरे कार्य पानात दिसते. सातूच्या पानांवर मँगनीजच्या आधिक्याने पडणारे डाग सिलिकॉन मिळाल्यास घटतात. कारण मँगनीज एका ठिकाणी न साचता पानभर समान पसरते. चौथे, धातूंमुळे उत्पन्न होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनचे शमन करणारी वनस्पतीची स्वतःची विकरे अधिक कार्यक्षम राहतात.

भाताचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. सिलिकॉन आत घेणारे भाताच्या मुळातील ‘द्वार’ जपानमध्ये जियान फेंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली शोधले. पाणी साचलेल्या खाचरातील आर्सेनिक याच द्वाराने शिरते, हे २००८ साली सिद्ध झाले. म्हणून भूमीत सिलिकॉन पुरेसे असल्यास आर्सेनिकला वाव कमी मिळतो.

आपल्या भागात काय करता येईल?

आमचे पुणतांबा गोदावरीच्या तीरी, उसाच्या पट्ट्यात आहे. येथील काळी, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी माती कॅडमियम व शिसे यांना बऱ्याच अंशी बांधून ठेवते, ही जमेची बाजू. तथापि ऊस प्रतिवर्षी भूमीतून मोठ्या प्रमाणावर सिलिकॉन उचलतो. पाचट शेतातच कुजवले आणि कारखान्यातील बगॅसची राख तपासून वापरली, तर ते भूमीस परत मिळते. तपासून म्हणण्याचे कारण असे की, राख वा धातुमळी यांतही जड धातू असू शकतात.

मर्यादाही ध्यानी घ्यावी. सर्व वनस्पती सिलिकॉन सारखे घेत नाहीत. अश्वगंधेच्याच कुलातील टोमॅटो ते अत्यल्प घेतो. त्यामुळे तृणधान्यांतील निष्कर्ष सरसकट वनौषधींना लावता येणार नाहीत. शिवाय सिलिकॉन बाधा घटवते. दूषित भूमी शुद्ध करीत नाही.

१ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधिकल्पांना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ या त्या मर्यादा आहेत. रसौषधींतील धातू शोधन-मारणाच्या संस्कारांनी, हेतुपूर्वक योजलेला असतो. काष्ठौषधीत भूमीतून आलेला धातू मात्र असंस्कृत व अज्ञात असतो. चूर्ण आपल्या हातून रुग्णाच्या हाती जाते, तेव्हा त्याचे उत्तरदायित्वही आपलेच असते. यास्तव द्रव्य खरेदी करताना ते कोणत्या भूमीतील, कोणत्या पाण्यावर वाढलेले, हे विचारावे आणि तपासणीचा दाखला मागावा. भूमिपरीक्षेचा शास्त्रादेश आजच्या काळात पाळण्याचा हाच मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.