वाफसा आला की मगच औत!



आज खत-बियाण्याची गोष्ट नाही. गोठ्याशेजारी छपराखाली उभ्या असलेल्या जुन्या बुलेटची आहे. १९५०च्या दशकात मद्रासला ही गाडी तयार होऊ लागली आणि पुढे खेडोपाडी पोहोचली. थोरल्यांनी जपलेली अशी एखादी गाडी तुमच्याही घरी असेल. तिच्या इंजिनावरची पाती वाकली किंवा तुटली तर काय करावे, ते पाहू या.

ही पाती शोभेची नाहीत. कपातला चहा निवत नाही, म्हणून आपण तो बशीत ओततो; पसरला की लवकर निवतो. पात्यांचे काम तेच. इंजिनातली उष्णता ती पसरून वाऱ्याला देतात. या गाडीला पाण्याचा रेडिएटर नाही. सारी भिस्त वाऱ्यावर आणि थोडी तेलावर.

दुरुस्तीआधी धातू ओळखा. जुन्या बुलेटचे सिलिंडर बिडाचे आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर बीड, नाही तर ॲल्युमिनियम. बिडाचे पाते वाकत नाही, तुटतेच. ॲल्युमिनियमचे वाकते; पण सरळ करताना घाई केली तर तेही तुटते.

हे मी पुस्तकात नाही, हातून नुकसान करून शिकलो. १९९६ साली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना आमची बुलेट फाळक्यावर आदळली आणि हेडची दोन पाती वाकली. मी नवा नोकरीला लागलेला, बी.एस्सी.चा तोरा अंगात. पक्कड लावली आणि जोर केला. टक् आवाज झाला, तुकडा हातात! वडील रागावले नाहीत. तुकडा फडक्यात बांधून त्यांनी पेटीत ठेवला आणि एवढेच म्हणाले, “रान वाफशावर आल्याशिवाय औत घालतोस का रे?”

धातूलाही वाफसा लागतो. तो असा आणावा.

पहिले काम सफाईचे. गार इंजिनावरची माती आणि तेलाची राड बांबूच्या कामटीने व ब्रशने काढा. सफाईला कॉस्टिक सोडा कधीही वापरू नका; तो ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. रॉकेलने धुवायचे तर उघड्यावर धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

मग नीट पाहा. पाते थोडेच वाकले असेल आणि दोन पात्यांमधली फट मोकळी असेल, तर हात लावू नका. कोपरा उडाला असेल तर धार कानशीने घासून गोल करा. एवढ्याने इंजिन तापत नाही. फट बुजली असेल तरच पाते सरळ करायचे.

त्यासाठी मेस्त्रीकडून हेड उतरवून घ्या. पात्यावर धुण्याच्या कोरड्या साबणाची रेघ ओढा. ब्लो लॅम्पची ज्योत एका जागी न धरता पात्याच्या बुडापासून फिरवत राहा. रेघ तपकिरी झाली की ज्योत बाजूला करा. काळी होईपर्यंत थांबू नका. लोखंड तापले की लाल होऊन आपल्याला सावध करते. ॲल्युमिनियम लाल दिसत नाही, सुमारे ६६० अंशाला एकदम वितळते. म्हणून लोहाराच्या भात्यावर हे काम नको.

आता फटीत लाकडी पाचर हलकेच सारा, किंवा ॲडजस्टेबल पाना बुडाजवळ धरून थोडेसे वळवा. पुन्हा तापवा, पुन्हा थोडे वळवा. हातोडी नको. सोळा आणे सरळ करण्याचा हट्ट धरू नका; बारा आणे झाले, फट मोकळी झाली की थांबा. ज्योतीजवळ पेट्रोल, कडबा आणि लहान मुले नसावीत. हातमोजे व चष्मा हवाच.

चीर दिसली तर तिच्या टोकाशी ३ मि.मी.चे भोक पाडावे. चीर पुढे सरकण्याला आळा बसतो. ती बुडात उतरली असेल तर मात्र जाणत्या मेस्त्रीला दाखवा. तुटलेल्या पात्याला आर्गन वेल्डिंग उत्तम. त्याआधी हेडमधले व्हॉल्व्ह काढायला सांगा. वेल्डिंगनंतर हेडची बसण्याची बाजू जाड सपाट काचेवर ठेवून पाहा. डुगडुगली तर ती सपाट करून घ्यावी लागेल. जोडताना गॅस्केट नवे घाला. फटीत एम-सील मात्र भरू नका. ते उष्णता नीट वाहून नेत नाही आणि वाऱ्याची वाट अडवते.

आमचा तुकडा काही वर्षांनी तालुक्याच्या गावी आर्गनने जोडला. कारागीर म्हणाला, “तुकडा जपून ठेवलात म्हणून काम सोपे झाले.” जोड आजही बोटाला लागतो, आणि लागला की वडिलांचे शब्द आठवतात.

तेव्हा तुटलेला तुकडा फेकू नका. आणि पावसाळ्यात रानातून आलात की इंजिन गार होऊ द्या, मगच पाणी मारा आणि फटीतला चिखल काढा. एखादा कोपरा उडाल्याने होत नाही एवढे नुकसान साचलेल्या चिखलाने होते.